हुंकाराच्या जागा

बशीरभाई पिंजारी हा आमच्या वडनेर भोलजीतला सगळ्यात गर्विष्ठ माणूस आहे. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, तेव्हा मागून सांगायला मला काही वाटत नाही. गाद्या-रजया भरायचं त्यांचं दुकान म्हणजे बाजारगल्लीतली एक पत्र्याची शेड. आता कापूस यंत्रावर पिंजतात, पण आतल्या भिंतीवर त्यांच्या वडिलांचं पिंजण अजून टांगलेलं आहे, म्हणजे ते माणसाएवढं लाकडी धनुष्य, ज्याच्या ताणलेल्या तारेवर पूर्वी कापूस फुलवायचे. बशीरभाईंच्या भुवयांवर कायम कापसाचे तंतू. आणि असा हा माणूस गाद्या भरता भरता कादंबऱ्या लिहितो. एक नाही, चांगल्या दोन. दोन्ही विनोदी आणि दोन्ही अंतराळातल्या!

मी शारदा. गावचं वाचनालय सांभाळते. माहेर बुलढाण्याचं, लग्न करून या उन्हात आले आणि इथेच केस पांढरे झाले. बशीरभाईंच्या दोन्ही कादंबऱ्यांची प्रूफं मी तपासली. त्याबद्दल मला आजवर एक उशी मिळाली, तीही गाठीगाठीची.

पहिली कादंबरी होती ‘कडूबा मंगळावर’. तिच्यातला कडूबा खराखुरा होता. बशीरभाईंचा शाळेपासूनचा दोस्त, समोरच्याच घरात राहायचा. गल्ली ओलांडली की याच्या शेडमधून त्याच्या ओट्यावर पाय. उंच, हडकुळा, बोलायला लागला की हात आधी आणि तोंड मागून. कादंबरीत काय होतं, तर हवामान खात्याचा एक फुगा कडूबाच्या पऱ्हाटीत येऊन पडतो. पऱ्हाटी म्हणजे आमच्याकडे कापसाचं झाड. कडूबा सावली मिळाली म्हणून त्या फुग्याच्या टोपलीत बसून भाकर खातो आणि टोपली उडते. थेट मंगळावर. खिशात बीटी कापसाच्या पाकिटातलं मूठभर बियाणं. उतरल्या उतरल्या तो मंगळावरच्या माणसांना विचारतो, "काहो, इथला सातबारा कोनाच्या नावावर हाय?" मंगळाला दोन चंद्र. तर याने एका चंद्राला बैल बांधले आणि दुसऱ्यावर कडबा रचून ठेवला. तिथले बैल आठ पायांचे. नाल ठोकणाऱ्याची पाचही बोटं तुपात.

पुस्तक खामगावच्या छापखान्यात छापून आलं, त्या वर्षी अर्जुनरावांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. श्रावणात मारुतीच्या पारावर पोथी वाचायची ती त्यांनीच, वर्षानुवर्षं. डोळ्याला हिरवी पट्टी लावून म्हातारा ओट्यावर बसून राहायचा आणि लोकांच्या संध्याकाळी मोकळ्या. तेव्हा कोणीतरी म्हणालं, यंदा बशीरचं पुस्तक वाचू. बशीरभाईंना तेवढंच पाहिजे होतं. शेडसमोर सतरंज्या पडल्या. अर्जुनराव आले आणि सवयीनं त्यांनी घरून आणलेला पाट मांडून पुस्तक त्याच्यावर ठेवलं. चूक झाली ती इथेच. आमच्याकडे एकदा पाटावर ठेवून वाचायला घेतली की ती पोथी. मग मध्ये सोडायची नाही. घरात काहीही होवो, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून उठायचं. नाहीतर गावाला लागतं म्हणतात.

आणि पोथी म्हटली की हुंकारी आला. वाचणारा थांबला की "हूं" म्हणणारा माणूस. त्याच्याशिवाय वाचणाऱ्याला पुढे जाता येत नाही, गोष्ट ऐकली जातेय की हवेत चाललीय हेच कळत नाही. हुंकारी कोण? खुद्द कडूबा. बशीरभाईंच्या शेजारी कापसाच्या पोत्यावर मांडी घालून बसायचा आणि स्वतःच्याच मंगळावरच्या पराक्रमांना हुंकार भरायचा. बशीरभाई वाचत, "कडूबानं चंद्राला दावं बांधलं." हा मान हलवून म्हणे, "हूं, बांधलं ना बाप्पा, ढिल्लं बांधलं होतं, सुटून गेला असता." लोक हसून हसून लोळायचे. नूरजहांभाभी, म्हणजे बशीरभाईंची बायको, दाराच्या पडद्याआड तोंडात पदर कोंबून हसायची. कडूबाची बायको गोजरबाई समोरच्या ओट्यावर बसून कपाळावर हात मारायची, "या मानसाले घरचं काम सांगतलं तं आयकू येत नाही, अन् मंगळावरचं सारं आयकू येते!"

पुस्तकाच्या शेवटी फुग्यातली हवा जाते आणि कडूबा मंगळावरच राहतो. खाली निरोप धाडतो, "यंदाचा कापूस वेचून झाला की येतो." बस, संपलं.

मग सुरू झाला तगादा. वाचनालयात पुस्तक परत करणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, कसं वाटलं. माझी सवयच आहे. सगळ्यांचं मत एकच. पुस्तक झकास, पण कडूबा खाली कधी येणार? आणि सगळ्यात मोठा तगादा खुद्द कडूबाचा. सकाळी शेडसमोरून बैल घेऊन जाताना रोज ओरडायचा, "काय बे बश्या, मले कवा आनतं खाली? का तिथंच म्हातारा करतं?" बशीरभाई यंत्राच्या आवाजातून ओरडायचे, "येशील बे! घाई काय हाय? तिथं तुले कोनतं कमी हाय?" असं वर्षानुवर्षं चाललं. गर्विष्ठ माणूस, त्याला वाटायचं लोकांना ताटकळत ठेवलं की किंमत वाढते.

मग ते गुलाबी अळीचं साल आलं. बीटीला अळी लागत नाही, असं ज्यांनी छातीठोक सांगितलं होतं ते त्या वर्षी गावाकडे फिरकले नाहीत. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडका कापूस. पऱ्हाटी मात्र माजल्यासारखी वाढली, डोक्याच्या वर गेली. लोक फवारत सुटले. दसऱ्यानंतरचं ऊन, पाठीवर पंप, तोंडाला गमछा, आणि झाड माणसाहून उंच. फवारा वर मारायचा आणि वाऱ्याने तो आपल्याच अंगावर यायचा. कडूबा असाच भर दुपारी घरी आला. डोळे लाल. दाराची कडी वाजवली आणि बाहेरूनच म्हणाला, "गोजर, पानी आन वं." तिने तांब्या दिला, तो त्याच्या हातात राहीना. मोठ्या दवाखान्यात नेला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

गेला तो गेला, पण लोकांची तोंडं! चहाच्या टपरीवर दुसऱ्याच दिवशी सुरू झालं, फवारून कुठं असं होते काय? पेला असंन. औषध पेला असंन. दबक्या आवाजात, डोळे मिचकावून. मी तिथून जाताना एकाला चांगला झापला, पण तोंडं काय बंद होतात? गोजरबाईच्या कानावर ते गेलंच. त्या दिवसापासून तिने गल्लीत बोलणं सोडलं. दार लावून घेतलं. पाण्याला निघायची ती खाली मान घालून, आणि परत आली की कडी.

तेराव्याला सगळे जेवून गेले तेव्हा ती बाहेर आली. बशीरभाई लिंबाखाली एकटे बसले होते, मी ताटं उचलत होते म्हणून मी ऐकलं. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बशीरभाऊ, खालचा तं गेला. वरचा तुमी वरच ठेवला. त्याले खाली आना." एवढंच बोलून आत गेली.

बशीरभाई त्या थंडीत दुकानात कमी आणि वहीत जास्त असायचे. लोकांच्या रजया तशाच पडून. मी एकदा भांडायला गेले, माझी गादी भरून कधी देता म्हणून, तर शेडमध्ये अंधार आणि हा माणूस कापसाच्या ढिगाऱ्यात बसून मोठ्यानं वाचतोय. एक वाक्य वाचायचं, मग थांबायचं. मान बाजूच्या पोत्याकडे कललेली. जरा वेळाने पुढचं वाक्य. पोत्यावर कोणी नव्हतं. मी दारातूनच परतले, गादीचं काही बोलले नाही. 

पुढच्या उन्हाळ्यात दुसरा भाग छापून आला. ‘कडूबा परत येतो’.

आता मतांची गंमत सांगते. गंमत कसली म्हणा. मी बुलढाण्याला माझ्या माहेरच्या ओळखीच्या वाचनालयात प्रती पाठवल्या आणि कळवलं, वाचून काय वाटलं ते मोबाइलवर बोलून पाठवा. कारण बशीरभाई रोज दारात उभे. "आलं काय हो ताई कोनाचं मत?" आणि मतं आली. वाचनालयाच्या टेबलावर मोबाइल ठेवून मी एकेक ऐकवत गेले. गार्गी म्हणून एक कॉलेजची पोरगी, तिला पहिला भाग पाठ होता. ती म्हणाली, "काका, पहिल्या भागाची मजा यात नाही हो. वाक्य अर्धवट सुटतं. विनोद येणार येणार असं वाटतं, आणि तिथे नुसतीच रिकामी जागा." एक निवृत्त मास्तर म्हणाले, विज्ञान कच्चं आहे, मंगळावर अळी जगणार नाही. कोणी म्हणालं, दुसरा भाग काढायलाच नको होता. एक बाई म्हणाल्या, "मी वाचता वाचता दोनदा मागे वळून पाहिलं. कोणीतरी बाजूला बसल्यासारखं वाटतं. विनोदी पुस्तकात असं बरं दिसत नाही."

बशीरभाईंचा चेहरा उतरत गेला. मग भडकले. "बुलढान्याच्या लोकायले काय समजते! थंड हवेत राह्यतात, डोकंबी थंड!" मी म्हटलं, "बशीरभाई, मीही तिथलीच आहे." तर म्हणतात, "म्हनून तं तुमाले अजून गादी नाही भेटली." असा माणूस! पण जाता जाता दारात थांबले आणि हळूच म्हणाले, "ताई, मले या साऱ्यायचं मत नाही पाह्यजे. गोजरबाईनं आयकलं पाह्यजे. तिनं म्हनलं पाह्यजे, हाव, आनला त्याले. बस." मग मला त्यांच्यावर चिडता येईना.

गोजरबाईला अक्षरओळख नाही. तिला ऐकवायचं तर मोठ्यानं वाचायला हवं. आणि ती तर दार उघडत नाही. म्हणून श्रावणात पुन्हा शेडसमोर सतरंज्या. अर्जुनराव आता डोळ्याने ठणठणीत होते, पारावर पोथी वाचू शकले असते, पण ते स्वतःच पाट घेऊन आले. पुस्तक पाटावर ठेवलं. कडूबाचं कापसाचं पोतं होतं तिथेच ठेवलं. कोणी कोणाला सांगितलं नाही, पण त्याच्यावर कोणी बसलं नाही.

पहिल्या संध्याकाळी गाव लोटलं होतं. बशीरभाईंनी सुरुवात केली. "मंगळावर कडूबाची सुगी संपली. त्यानं आठ पायाचे बैल सोडले." आणि थांबले. लोकही थांबले. कोणी काही म्हणेना. म्हणायचं ज्यानं तो नव्हता. ती शांतता इतकी लांबली की मला माझ्या साडीची घडी सुद्धा नीट करवेना. आणि त्या शांततेत शेडच्या आतून बारीक आवाज आला. घुमल्यासारखा. हूंऽऽ.

सगळ्यांनी आत पाहिलं. भिंतीवरच्या पिंजणाची तार वाऱ्यावर घुमत होती. ती घुमते अधूनमधून, दुकानाला मागून खिडकी आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. पण नेमकी तेव्हाच! बशीरभाईंनी मान हलवली आणि पुढचं वाक्य वाचलं. जणू परवानगी मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात मतं द्यायला माणसं पुस्तक न घेताच आली. उकंडराव आमच्या गावचे मोठे कापूसवाले. त्यांनी पहिला भाग खूप वेळा नेला होता. ते म्हणाले, "ताई, कादंबरी वाईट नाही. पन त्यानं मंगळावरबी गुलाबी अळी दाखवली. काऊन? तिथं तरी नव्हती पाह्यजे." ते हसत नव्हते. एकजण म्हणाला, हसावं म्हणून तोंड उघडलं तं नजर त्या रिकाम्या पोत्यावर गेली. बायका म्हणाल्या, ती तार बरोबर जागेवर बोलते, आमी नाही येत आता. आणि खरंच, रोज एक सतरंजी कमी होत गेली. तारही रोज बोलत नव्हती. पण बोलली की माणसं सरकून एकमेकांना चिकटून बसायची.

नूरजहांभाभी एक दिवस माझ्याकडे आली. आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयाची पायरी चढली. म्हणाली, "ताई, तुम समझाओ उनको. मरे हुए को ऐसे जगह नहीं देते. घर में भी पढते हैं ना, तो रुकते हैं. मैं रोटी डालती रहती, वो रुके तो मेरा हाथ भी रुक जाता. मेरेको लगता कोई बोलेगा."

मी गेले बशीरभाईंकडे. पुस्तक उघडून समोर ठेवलं आणि विचारलं, "खरं सांगा, ही वाक्यं तुम्ही अर्धवट का सोडली? मी प्रूफात जोडली होती, तुम्ही पुन्हा तोडली. सगळे वाचक तेच म्हणतात, इथे काहीतरी राहिलंय."

"राह्यलं नाही ताई. सोडलं हाय. त्या जागा त्याच्या हायत. मी वाक्य बोलत होतो अन् ते पुरं कडूबा करत होता. पहिल्या भागाले लोक हसले ते माह्या लिहिन्यावर नाही हसले. मले आता समजलं. मी इतके साल फुगून बसलो होतो ना, का मी लय मोठा विनोदी लेखक. अन् विनोद समोरच्या घरात राहून राह्यला होता."

असं म्हणून तो गर्विष्ठ माणूस कापसात तोंड खुपसून रडला. बाहेर आवाज जाऊ नये म्हणून मी यंत्राचं बटण दाबलं.

थांबवायचं म्हटलं तर अर्जुनराव ऐकेनात. "पाटावर ठेवली. अर्धी सोडता येत नाही. चार मानसं आली तरी वाचायची, कोनी नाही आलं तं भिंतीले वाचायची." आणि समोरचं दार रोज बंद. बशीरभाई मुद्दाम त्या दाराकडे तोंड करून, आवाज चढवून वाचायचे. आत दिवा असायचा, दाराखालून उजेड दिसायचा. ती ऐकतेय की नाही, कोणाला कळत नव्हतं.

शेवटच्या दिवशी दुपारी नूरजहांभाभीनं कोणाला न विचारता स्टुलावर चढून पिंजणाची तार काढून टाकली. मला दाखवली, गुंडाळी करून पदराला बांधलेली. "आज कोई नहीं बोलेगा," म्हणाली.

तिन्हीसांजेला आम्ही मोजकीच माणसं. उकंडराव आले होते. टपरीवरचे दोघे-तिघे मागे उभे होते, शेवट काय होतो ते पाहायला. वारा पडलेला. लिंबाचं पान हलत नव्हतं. बशीरभाईंनी तो अध्याय काढला जो बुलढाण्यात कोणालाच आवडला नव्हता. कडूबा निघायला लागतो, मंगळावरची माणसं त्याला सोडायला तयार नसतात. ते त्याच्यासमोर एक बाटली ठेवतात. तिचा वास कडूबाला ओळखीचा असतो. ते म्हणतात, तिकडे खाली जाऊन काय करणार, अळीच आहे, हे पिऊन टाक, सगळं मिटेल. बशीरभाईंचा आवाज इथे खाली आला.

"कडूबानं बाटली हातात घेतली. बूच लावलं. अन् म्हनला, हे झाडाचं औषध हाय बाप्पा, मानसाचं नाही. माह्या घरी बायको वाट पाहून राह्यली. मी पेनार नाही."

थांबले. ती जागा आली. मागे उभे असलेले टपरीवाले जमिनीकडे पाहत होते. मी आत भिंतीकडे पाहिलं, तिथे बिनतारेचं पिंजण. आणि तेवढ्यात आलं.

"हूं."

उकंडरावांनी माझा दंड धरला, एवढा मोठा माणूस. नूरजहांभाभीनं पदराची गाठ चाचपली, तार तिथेच होती. बशीरभाईंनी डोळे मिटून घेतले. मग पुन्हा आलं, आता स्पष्ट, बाईच्या आवाजात.

"हूं. नाहीच पेला तो."

समोरचं दार उघडं होतं. गोजरबाई चौकटीत उभी होती, दिव्याकडे पाठ करून, त्यामुळे तोंड दिसत नव्हतं. तेराव्यानंतर आम्ही तिचा आवाज ऐकला नव्हता. ती म्हणाली, "वाचा बशीरभाऊ. मी हाय."

आणि त्यांनी वाचलं. ती ओट्यावर बसली आणि प्रत्येक जागेला हुंकार भरत गेली. काय सांगू तुम्हाला! तेच पुस्तक. तीच अर्धवट वाक्यं. बशीरभाई वाचत, "कडूबा फुग्यात बसला, खाली पाह्यलं, पृथ्वी बोंडाएवढी." ती म्हणे, "हूं, किडकं बोंड." उकंडराव फुसकन हसले. मग सगळेच हसले, आणि हसता हसता उकंडरावांनी गमछ्यानं डोळे पुसले. मागचे टपरीवाले एकेक करून खाली बसले. एकजण पार पुढे सरकला.

शेवटचं पान उरलं. फुगा वडनेरच्या शिवारात उतरतो. कडूबा पऱ्हाटीतून वाट काढत गल्लीत येतो. बशीरभाईंची शेड दिसते, आत यंत्र चालू असतं. तो हाक मारत नाही, कारण आधी घरी जायचं असतं. ओट्यावर चढतो. पायातल्या चपला काढतो. बशीरभाई वाचत होते आणि आम्हा सगळ्यांच्या माना समोरच्या ओट्याकडे वळल्या होत्या.

"त्यानं दाराची कडी वाजवली."

थांबले. हुंकार आला नाही. आम्ही वाट पाहिली. गोजरबाई उठून उभी राहिली होती आणि दाराच्या कडीकडे पाहत होती.

"बस," ती म्हणाली. "आता नका वाचू."

बशीरभाई गोंधळले. "वहिनी, एकच पान हाय. थो आत येते. तुमी तं म्हनलं होतं, त्याले खाली आना."

"आनला तुमी. मले पटलं. हासू नाही आलं मले, पन थोच होता. तस्साच बोलत होता." तिनं कडीवर हात ठेवला. "दारापावतर आनला, लय झालं भाऊ. तो दारातच बरा हाय. आत आला तं मले दिसन, तो नाही म्हनून."

मग मला भीती वाटली ती अर्जुनरावांची. पोथी अर्धी सोडायची नाही म्हणून ज्या म्हाताऱ्याने आम्हाला भुताखेतांच्या सावटात महिनाभर बसवलं, तो आता काय म्हणणार? अर्जुनराव गुडघ्यांवर हात टेकत उठले. पाटाजवळ गेले. पुस्तक बशीरभाईंच्या हातातून घेतलं, मिटलं, फडक्यात बांधलं आणि पाट काखेत मारला.

"समाप्त," म्हणाले. "चला घरी."

गोजरबाई आत गेली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. पाणी भरून तो ओट्यावर ठेवला, दाराच्या बाहेर, चपला काढायच्या जागेजवळ. मग दार ओढून घेतलं. या खेपेला कडी लावल्याचा आवाज आला नाही.

त्यानंतर टपरीवर कडूबाचं नाव निघालं तर कोणी डोळा मिचकावत नाही. गोजरबाई पाण्याला जाताना बोलते, कापसाचा भाव विचारते, मला दोनदा टोकलंही, तुमच्या उशीत गाठी हायत म्हने. बुलढाण्याहून गार्गीचा पुन्हा निरोप आला होता. तिने पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं, या खेपेला आजीला जवळ बसवून मोठ्यानं, आणि आजी हूं हूं करत होती. म्हणाली, काका, आता कळलं. शेवट मात्र फार छान आहे.

ते ऐकून बशीरभाईंनी माझ्या टेबलावर हात आपटला. "पाहा! शेवट छान हाय. माह्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पान लिहिलं मी, अन् या गावात कोनी आयकलं नाही!" मग म्हणाले, तो निरोप पुन्हा लावा.

दर श्रावणात आता ती पोथी निघते. गोजरबाई हुंकाराला असते. कडी वाजते तिथे अर्जुनराव पुस्तक बांधतात. वाचनालयातली प्रत लोक घरी नेतात, पण शेवटचं पान वाचलं असं अजून कोणी कबूल केलेलं नाही. आणि तिन्हीसांजेला समोरच्या ओट्यावर पाण्याचा तांब्या असतो. सकाळी गोजरबाई तो तुळशीला ओतते आणि संध्याकाळी पुन्हा भरून ठेवते.